अपडेटनंतर होम असिस्टंट आत घेत नाही? पासवर्ड बदलण्याआधी हे करा

दिवाळी संपली की चार दिवसांनी माझा फोन वाजायला लागतो. पुण्या-बेंगळुरूहून मुलं घरी येतात आणि सुट्टीत डब्याला, म्हणजे घरातली मोटार-दिवे सांभाळणारा ‘होम असिस्टंट’ हा प्रोग्राम ज्यावर चालतो त्या छोट्या कॉम्प्युटरला, अपडेट मारून परत जातात. मग एका सकाळी आईच्या फोनवर पाण्याच्या टाकीचं चित्र दिसायच्या ऐवजी युजरनेम-पासवर्डचं पान उघडतं. बेळगावच्या अनगोळहून येणारा फोन मराठीत असतो, उद्यमबागेतला इलेक्ट्रिशियन कन्नडमध्ये ‘लॉगिन आगवल्दु री’, म्हणजे लॉगिन होत नाही हो, म्हणतो. अडचण दोघांचीही एकच.

दोघांनी केलेली चूकही एकच असते. पान उघडलं नाही की पासवर्ड चुकला असं धरून चालायचं आणि तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसायचं. त्यानेही भागलं नाही की डब्यातलं मेमरी कार्ड काढून सगळं नव्याने भरायचं. खरं तर अपडेट तुमचा पासवर्ड बदलत नाही. बिघडतो तो पत्ता, नाहीतर ब्राउझरची साठवण, नाहीतर घड्याळ. कधी डबा अजून उठलेलाच नसतो. म्हणून तुम्हाला नक्की कोण अडवतंय हे आधी शोधायचं आणि पासवर्डकडे सगळ्यात शेवटी वळायचं.

हा लेख रास्पबेरी पाय किंवा होम असिस्टंट ग्रीनसारख्या डब्यावर होम असिस्टंट ऑपरेटिंग सिस्टिम चालवणाऱ्यांसाठी आहे. दुसऱ्या कंपनीचा कंट्रोलर असेल तर तपासणीचा क्रम हाच ठेवा. पत्ते आणि आकडे मात्र तुमच्या पुस्तिकेतले घ्या.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इथे आकडे मराठीत छापलेत, पण फोनवर आणि लॅपटॉपवर टाइप करताना ते इंग्रजीच हवेत. हे वाचून हसू नका, चौथ्या टप्प्यात कळेल.

## १. अपडेट मारण्याआधी

लॉगिनची निम्मी भांडणं इथेच मिटतात, म्हणून या टप्प्यावर मी जास्त वेळ घेतो.

एक कागद घ्या. फोनमधली नोट चालणार नाही, कारण फोनच आत जात नसतो तेव्हा हा कागद लागतो. त्यावर लिहा:

- डब्याचा आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला त्याचा क्रमांक. बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, मधे टिंबं असलेल्या चार संख्यांचा.
- युजरनेम, अक्षर न् अक्षर. ते ई-मेल नसतं आणि पडद्यावर दिसणारं नावही नसतं. पडद्यावर ‘आई’ दिसतं, पण खातं काढताना मुलाने ‘ए-ए-आय’ एवढंच टाकलेलं असतं.
- मालकाचं खातं कोणाचं. पहिल्या दिवशी ज्याने डबा सुरू केला त्याचं.
- बॅकअपची एन्क्रिप्शन की. २०२५.१ या आवृत्तीपासून बॅकअपची पद्धत बदलली. आपोआप होणारे बॅकअप कुलूपबंद असतात आणि किल्ली ‘इमर्जन्सी किट’ नावाच्या फाइलमध्ये मिळते. ती फाइल डब्यातच ठेवली तर कपाटाची किल्ली कपाटात ठेवल्यासारखं होतं. प्रिंट काढा.

दुसरं काम, घरात अॅडमिन हक्काची दोन खाती असू द्या. मुलगा बेंगळुरूत झोपलेला असताना घरातल्या कोणाला तरी आत जाता आलं पाहिजे. ज्या घरात एकच अॅडमिन आहे आणि तोही बाहेरगावी, त्या घरातून येणारा फोन मी जेवण झाल्यावरच घेतो, कारण तो लांबतो.

तिसरं, राउटरमध्ये डब्यासाठी पत्ता राखून ठेवा. राउटरच्या पानावर त्याला डीएचसीपी रिझर्वेशन किंवा अॅड्रेस रिझर्वेशन म्हणतात. आपल्याकडे वळवाचा पाऊस आला की लाईट जाते, ती परत आल्यावर राउटर आणि डबा दोन्ही नव्याने उठतात. राखीव जागा नसेल तर राउटर डब्याला दुसराच पत्ता देऊ शकतो. अपडेटमध्येही डबा पुन्हा सुरू होतो, त्यामुळे पत्ता बदलला की आळ अपडेटवर येतो.

चौथं, बॅकअप. अपडेटच्या खिडकीत आधी बॅकअप घेण्याचा पर्याय असतो, तो चालू ठेवा. तेवढ्यावर थांबू नका, ती फाइल लॅपटॉपवर उतरवून घ्या. कार्ड मेलं तर कार्डातला बॅकअपही त्याच्याबरोबर जातो.

पाचवं, वेळ. नळाला पाणी यायच्या दिवशी अपडेट नको. बेळगावात सगळीकडे नळ रोज येत नाही, आणि ज्या सकाळी येतो त्या सकाळी मोटार वेळेवर सुरू झाली नाही तर घरात लॉगिनवर नाही, तुमच्यावर चर्चा होते.

तपासा: मोटारीच्या स्टार्टरवरचं हाताचं बटण डब्याशिवाय चालतं का? डबा बंद करून एकदा दाबून बघा. चालत नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, अपडेट नंतर.

शेवटचं, रास्पबेरी पाय ४ असेल तर मायक्रो एचडीएमआयची केबल आणून ठेवा. टीव्हीची जाड एचडीएमआय त्याला बसत नाही. ती लागते रात्री साडेदहाला, आणि तेव्हा खडेबाजारात कोण दुकान उघडं ठेवतंय?

## २. अपडेटनंतर हात बांधून बसा

अपडेट झालं की डबा नव्याने सुरू होतो. एवढ्यात पान उघडलं तर ‘कनेक्ट होत नाही, ६० सेकंदांत पुन्हा प्रयत्न’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश दिसतो. त्यात बिघाड काहीच नाही, डबा अजून उठतोय. जुना पाय आणि साधं एसडी कार्ड असेल तर चहा करून, पिऊन, कप विसळेपर्यंत वेळ जातो.

काही आवृत्त्यांत डेटाबेसची मांडणी बदलते. मग आत गेल्यावर डेटाबेस अपग्रेड सुरू असल्याची सूचना दिसते. नोंदी मोठ्या असतील तर हे काम बराच वेळ चालतं आणि तोवर डबा संथ वागतो.

थांबा: ही सूचना असताना डब्याची वायर काढू नका, रीस्टार्ट देऊ नका.

हे मी स्वतः भोगलंय. घरच्या डब्यावर हीच सूचना होती, पान हळू उघडत होतं, आणि मी वैतागून प्लग ओढला. डबा पुन्हा उठला, लॉगिनही झालं, पण खराब झालेली डेटाबेस फाइल त्याने बाजूला टाकून कोरी वही उघडली होती. बोअरच्या पाण्याची तीन उन्हाळ्यांची नोंद गेली. दोन मिनिटं वाट बघितली असती तर राहिली असती.

मी साधारण अर्धा तास देतो. त्यानंतरही पान नाही, तरच पुढे.

## ३. डबा जिवंत आहे का

ही तपासणी लॅपटॉपवरून करा. लॅपटॉप घरच्याच वायफायवर हवा, पाहुण्यांसाठी केलेल्या वेगळ्या वायफायवर नको, कारण तिथून घरातली उपकरणं दिसत नाहीत. फोनवरून करणार असाल तर मोबाइल डेटा बंद करा.

तीन पायऱ्या, याच क्रमाने:

पहिली, डब्याच्या आयपी पत्त्याला पिंग द्या, म्हणजे ‘आहेस का’ असं विचारणारी आज्ञा लॅपटॉपवरून पाठवा. उत्तर आलं तर डब्याला वीज आहे, वायर जागेवर आहे आणि पत्ता बरोबर आहे.

दुसरी, ब्राउझरमध्ये तोच पत्ता, पुढे कोलन आणि ४३५७ टाका. हे ऑब्झर्व्हरचं पान. याला लॉगिन लागत नाही. मुख्य कार्यक्रम पडला तरी हे पान बहुधा चालू राहतं आणि सुपरवायझर (होम असिस्टंटवर देखरेख ठेवणारा भाग) जोडलेला आहे का, तब्येत बरी आहे का ते सांगतं. इतक्या उपयोगाचं पान इतक्या कमी लोकांना का माहीत असावं, कोण जाणे.

तिसरी, तोच पत्ता, कोलन आणि ८१२३. हे नेहमीचं लॉगिन पान.

आता अर्थ लावा. ४३५७ उघडतंय पण ८१२३ नाही, तर डबा ठीक आहे, होम असिस्टंट अजून सुरू होतंय किंवा अडकलंय. अजून थोडं थांबा, मग आठव्या टप्प्याकडे जा. पिंगलाच उत्तर नाही, तर पत्ता बदललाय किंवा डबा बंद आहे. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथे नवा पत्ता शोधा.

यादीतही नसेल तर डब्याजवळ जाऊन दिवे बघा. रास्पबेरी पायवरचा लाल दिवा विजेचा, हिरवा कार्ड वाचल्या-लिहिल्याचा. पाय ४ पर्यंतच्या मॉडेलांत लाल दिवा लुकलुकत असेल किंवा मधेच विझत असेल तर वीज कमी पडतेय. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. जुन्या मोबाइलचा चार्जर रोजच्या कामाला पुरून जातो, पण अपडेटच्या वेळी दम सोडतो.

तपासा: डबा इन्व्हर्टरवर आहे आणि राउटर नाही, असं तर नाही ना? दोघं एकाच इन्व्हर्टरच्या लाईनवर असू द्या.

## ४. पत्ता बरोबर टाका

पिंग मिळतंय, तरी पान उघडत नाही? मग दोष बहुतेक टाइप करण्यातला.

पत्ता दोन तऱ्हेने टाकता येतो. ‘होमअसिस्टंट डॉट लोकल’ हे नाव इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता, पुढे कोलन ८१२३. किंवा नावाच्या जागी आयपी पत्ता. काही फोनवर ‘डॉट लोकल’चं नाव सापडत नाही, म्हणून मी लोकांना आयपीच टाकायला सांगतो.

सुरुवातीला ‘एचटीटीपी’ हवं, शेवटी ‘एस’ नको. तुम्ही मुद्दाम ‘एस’साठी लागणारं सुरक्षेचं प्रमाणपत्र बसवलं नसेल तर घरातलं पान साध्या एचटीटीपीवर चालतं. नवे ब्राउझर शहाणपणाने स्वतःच ‘एस’ लावतात आणि मग पान उघडत नाही. पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडून बघा, ‘एस’ लागला असेल तर खोडा.

आता ते आकड्यांचं. खानापूरच्या मावशीला मी फोनवरून पत्ता सांगत होतो. ‘एक नऊ दोन, टिंब,’ मी म्हणतोय, ती टाकतेय. प्रत्येक वेळी पान उघडायच्या ऐवजी गूगल शोधून आणत होतं, एकदा तर पिनकोड काढून दिला. शेवटी म्हटलं, मावशी, पडद्याचा फोटो पाठव. फोटोत सगळा पत्ता अगदी बरोबर होता, फक्त देवनागरी आकड्यांत. कीबोर्ड मराठीवर होता. ब्राउझरला तो पत्ता वाटलाच नाही, कोणीतरी काहीतरी शोधतंय असं वाटलं. ‘मग आधी सांगायचं नाहीस की रे,’ म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं.

आपल्या भागात एकाच फोनवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन कीबोर्ड असतात. पृथ्वीगोलाच्या खुणेवर बोट लागलं की भाषा बदलते. कन्नड आकडेही तोच घोटाळा करतात.

तपासा: पत्ता टाकल्यावर शोधाचे निकाल दिसले तर पासवर्डचा विचार सोडा. तुम्ही अजून दारापर्यंत पोचलेला नाही.

## ५. जुनं पान झटका

अपडेटनंतर डब्यातलं पान नवं होतं, पण ब्राउझरने जुन्या पानाचे तुकडे साठवलेले असतात. नव्या-जुन्याची गाठ पडली की पांढरा पडदा येतो, नुसतं फिरणारं चाक दिसतं, किंवा लॉगिन केल्यावर परत लॉगिनच समोर येतं.

आधी खाजगी खिडकी उघडा, क्रोममध्ये तिला इन्कॉग्निटो म्हणतात. तिथे पान नीट आलं तर दोष साठवणीचाच. मग नेहमीच्या ब्राउझरमध्ये फक्त त्या पत्त्याचा साठा काढा. सगळ्या ब्राउझरचा साठा उडवलात तर बँकेपासून सगळीकडचं लॉगिन जाईल आणि दुसरं काम मागे लागेल.

फोनवरच्या अॅपचं थोडं वेगळं. अॅपमध्ये दोन पत्ते असतात, एक घरातला आणि एक बाहेरून येण्यासाठीचा. घरातला पत्ता कधी वापरायचा हे अॅप वायफायच्या नावावरून ठरवतं. राउटरने ‘घर’ आणि ‘घर ५जी’ अशी दोन नावं दिलीत आणि अॅपला एकच माहीत आहे, तर हॉलमध्ये बसूनसुद्धा ते बाहेरच्या पत्त्याने यायला बघतं. दोन्ही नावं अॅपमध्ये घाला. अँड्रॉइडवर वायफायचं नाव वाचायला अॅपला लोकेशनची परवानगी लागते. ती काढून घेतलेली असेल तरी हेच होतं.

हे सगळं बघूनही अॅप अडत असेल तर फोनच्या सेटिंगमधून अॅपची कॅश, म्हणजे तात्पुरती साठवण, साफ करा. कॅश आणि डेटा ही दोन वेगळी बटणं असतात. डेटा पुसला तर अॅप पत्ता आणि लॉगिन दोन्ही विसरतं, तो शेवटचा उपाय.

थांबा: लॉगिनच्या जागी ‘नवं स्मार्ट होम तयार करा’ अशा अर्थाचं स्वागताचं पान आलं तर कशालाच हात लावू नका. डब्याला तुमचा जुना डेटा सापडत नाहीये. तिथे नवं नाव-पासवर्ड घालून पुढे गेलात की कोरं घर उभं राहतं, आणि ‘आत तर गेलो, पण सगळे स्विच कुठे गेले’ असा फोन मला येतो. पान बंद करा, बॅकअपची फाइल आणि किल्ली शोधा, थेट नवव्या टप्प्यावर या.

## ६. आता पासवर्ड

लॉगिन पान नीट उघडलं आणि युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा असल्याचा स्पष्ट संदेश आला, तरच हा टप्पा.

पासवर्डच्या चौकटीतला डोळा दाबा आणि काय टाइप होतंय ते डोळ्यांनी बघा. ठिपक्यांमागे मराठी आकडे लपलेले असतात. पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल झालेलं असतं. व्हॉट्सअॅपवरून उतरवलेल्या पासवर्डच्या शेवटी एक रिकामी जागा आलेली असते.

कोणता पासवर्ड टाकताय तेही बघा. ज्यांनी होम असिस्टंट क्लाउडची वर्गणी घेतलीय त्यांच्याकडे दोन खाती असतात. क्लाउडचं ई-मेलवालं, आणि डब्यातलं युजरनेमवालं. बाहेरच्या पत्त्याने आलात तरी लॉगिन पानावर डब्यातलंच खातं लागतं. ई-मेल टाकून तासभर झगडणारे मी पाहिलेत.

फोन पासवर्ड आपोआप भरत असेल तर त्याच्यावरही विसंबू नका. तो पत्त्याप्रमाणे लक्षात ठेवतो. नावाच्या पत्त्यावर जपलेला पासवर्ड आयपी पत्त्यावर आपोआप येत नाही, आणि पूर्वी कधी चुकीचा जपला असेल तर तोच निष्ठेने भरत राहतो. हाताने टाका.

‘पण इतके महिने तर विचारलंच नव्हतं!’ हा प्रश्न हमखास येतो. एकदा लॉगिन करून लक्षात ठेवायला सांगितलं की डबा त्या उपकरणाला एक टोकन, म्हणजे पाससारखी खूण, देतो. ते ९० दिवस वापरलंच नाही तर रद्द होतं. गावाकडच्या घरात ठेवलेला, सणालाच चार्ज होणारा टॅब्लेट असतो ना, त्याला डबा विसरलेला असतो. त्याच सुट्टीत अपडेट झालं म्हणून दोष अपडेटला.

तीन वेळा नीट बघून टाकलं आणि नाही झालं तर थांबा. कोणी सेटिंगमध्ये चुकीच्या प्रयत्नांवर बंदी लावली असेल तर ठराविक प्रयत्नांनंतर डबा त्या उपकरणाचा पत्ताच बंद करतो. मग पानावर फक्त ‘४०३’ दिसतं, आणि तिथून खरा पासवर्ड टाकायलाही चौकट मिळत नाही. ही बंदी मूळ सेटिंगमध्ये नसते, पण हौशी मुलं लावून जातात. अशा वेळी दुसऱ्या फोनवरून आत जा, फाइल एडिटरमध्ये ‘आयपी बॅन्स’ नावाची फाइल उघडा, आपल्या उपकरणाच्या नोंदीच्या ओळी काढा आणि होम असिस्टंट रीस्टार्ट करा.

बाहेरच्या पत्त्यावर ‘४००’ आलं आणि घरात सगळं चालतंय, तर बाहेरची विनंती डब्यापर्यंत पोचवायला मधे बसवलेल्या रिव्हर्स प्रॉक्सीचं सेटिंग बघा. ज्याने प्रॉक्सी बसवला त्यालाच फोन करा, हा विषय इथे काढला तर लेख संपायचा नाही.

## ७. सहा आकडी कोड घेत नाही

पासवर्ड मान्य झाला पण फोनमधला सहा आकडी कोड नाकारला, तर आधी घड्याळ बघा. हा कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि वेळेवरूनच तयार होतो. फोनची वेळ आणि डब्याची वेळ जुळली नाही तर खरा कोडही खोटा ठरतो.

रास्पबेरी पाय ४ आणि त्याच्या आधीच्या मॉडेलांत घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. डबा उठला की वेळ इंटरनेटवरून घेतो. लाईट गेली, परत आली, डबा उठला, पण इंटरनेट अजून आलेलं नाही, अशा वेळी डबा जुन्या वेळेतच जगत असतो. जांबोटीकडच्या घरांत पावसाळ्यात हे नेहमीचं. लाईट दोन तासांत येते, लाईन जोडायला माणूस दुसऱ्या दिवशी.

क्रम असा: फोनची वेळ आपोआपवर ठेवा, इंटरनेट आल्याची खात्री करा, दहा मिनिटं जाऊ द्या, नवा कोड येईपर्यंत थांबा, मग टाका. संपत आलेला कोड घाईने टाकू नका.

कोडचं अॅपच जुन्या फोनबरोबर गेलं असेल तर पासवर्ड बदलून उपयोग नाही, कोड पुन्हा मागेलच. इथे पहिल्या टप्प्यातलं दुसरं अॅडमिन खातं कामाला येतं. त्यावरून आत जा आणि स्वतःसाठी नवं खातं काढा.

## ८. पडदा आणि कीबोर्ड लावून पासवर्ड बदलणं

पासवर्ड खरोखरच विसरलाय? तो कोणी शोधून देऊ शकत नाही, डब्यात तो वाचता येईल अशा रूपात नसतोच. नवा घालता येतो, आणि त्यासाठी डब्याला मॉनिटर किंवा टीव्ही आणि यूएसबी कीबोर्ड लावावा लागतो. दुरून एसएसएचने, म्हणजे लॅपटॉपवरून डब्याला आज्ञा देण्याच्या वाटेने, हे काम होत नाही. दुरून कोणालाही करता आलं असतं तर कुलपाला अर्थ काय?

पाय ४ वर दोन एचडीएमआय असतात, विजेच्या खाचेजवळची वापरा. पडदा काळाच राहिला तर एंटर दाबा. तरीही काळा असेल तर हिरवा दिवा शांत असताना एकदाच वीज बंद करा, केबल लावलेली ठेवून पुन्हा सुरू करा.

पडद्यावर डब्याचे पत्ते छापून येतात. आयपीच्या मागे तिरकी रेघ आणि २४ असतं, तो पत्त्याचा भाग नाही, ब्राउझरमध्ये टाकू नका. कित्येकांचं काम इथेच होतं, कारण पत्ताच बदललेला निघतो. पासवर्ड बदलायच्या आधी हा पत्ता एकदा वापरून बघा.

नाहीच झालं तर ‘एचए’ अशा खुणेपुढे टाइप करा:

१) ए-यू-टी-एच, जागा, एल-आय-एस-टी. एंटर. सगळी युजरनेम दिसतील. तुमचं कोणतं ते कागदावर उतरवा. अर्ध्या लोकांना इथे कळतं की पासवर्ड बरोबर होता, युजरनेमच चुकत होतं.

२) ए-यू-टी-एच, जागा, आर-ई-एस-ई-टी, जागा, दोन आडव्या रेघा आणि लगेच ‘युजरनेम’ हा शब्द इंग्रजीत, जागा, तुमचं युजरनेम, जागा, दोन आडव्या रेघा आणि ‘पासवर्ड’ हा शब्द इंग्रजीत, जागा, नवा पासवर्ड. एंटर.

दोन आडव्या रेघांमध्ये जागा सोडायची नाही. नवा पासवर्ड तात्पुरता, साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे एवढाच ठेवा, चिन्हं घातली तर ही ओळ त्यांचा वेगळा अर्थ लावू शकते. आत गेल्यावर प्रोफाइलमधून पक्का पासवर्ड घाला.

तपासा: तिसऱ्या टप्प्यात ८१२३ उघडत नव्हतं म्हणून तुम्ही इथे आला असाल तर पासवर्ड बदलू नका. ‘कोर’ आणि ‘चेक’ हे दोन शब्द इंग्रजीत, मधे जागा सोडून टाका. सेटिंगच्या फाइलमध्ये चूक असेल तर ती सांगितली जाते. ‘कोर’ आणि ‘लॉग्स’ टाकलंत तर तो कुठे अडलाय ते दिसतं. फोटो काढून मुलाला पाठवा.

कधी होम असिस्टंट रिकव्हरी मोडमध्ये सुरू होतं. लॉगिन होतं, पण आत फार काही दिसत नाही. हा लॉगिनचा बिघाड नाही. सेटिंगमधली चूक दुरुस्त करा आणि रीस्टार्ट करा.

## ९. मागे फिरायचं असेल तर

नवी आवृत्ती तुमच्या डब्यावर उभीच राहत नसेल तर अपडेटआधीचा बॅकअप परत भरा. नुसती जुनी आवृत्ती बसवता येते, पण डेटाबेस नव्या मांडणीत गेलेला असेल तर जुनी आवृत्ती त्याच्याशी जुळेलच असं नाही. मी बॅकअपच भरतो.

कार्डावर संशय असेल तर नवं कार्ड घ्या, त्यावर होम असिस्टंट ऑपरेटिंग सिस्टिम भरा आणि स्वागताच्या पानावर ‘बॅकअपमधून परत आणा’ निवडा. लॅपटॉपवरची फाइल द्या, किल्ली द्या, आणि पुन्हा दुसऱ्या टप्प्यासारखे हात बांधून बसा.

थांबा: जुनं कार्ड पुसू नका. पाकिटात घालून त्यावर तारीख लिहा, महिनाभर ठेवा.

बॅकअप भरल्यावर लॉगिनची नाव-पासवर्ड जोडी बॅकअप घेतला त्या दिवसाची लागते. मधल्या काळात पासवर्ड बदलला असेल तर जुना टाका. निपाणीच्या एका घरात रात्री साडेबाराला आम्ही दोघं फोनवर याच गोष्टीवर अडलो होतो. त्या गृहस्थांनी आठव्या टप्प्यात पासवर्ड बदलला होता, मग आदल्या आठवड्याचा बॅकअप भरला, आणि बदललेला पासवर्ड टाकत बसले होते.

## १०. आत गेल्यावर लगेच

घंटीच्या खुणेखाली चुकलेल्या लॉगिनच्या सूचना जमलेल्या असतात, कोणत्या पत्त्यावरून प्रयत्न झाला त्यासकट. घरातल्याच फोनचे पत्ते असतील तर पुसून टाका. ओळखीचा नसलेला, बाहेरचा पत्ता दिसला तर पासवर्ड बदला.

गडबडीत शेजारच्या फोनवरून किंवा दुकानातल्या लॅपटॉपवरून लॉगिन केलं असेल तर प्रोफाइलमध्ये, सुरक्षेच्या भागात, चालू असलेल्या लॉगिनची यादी असते. तिथून ती नोंद काढा.

मग टाकीचं चित्र उघडा, मोटार एकदा अॅपवरून चालू करा, आणि गच्चीवर जाऊन पाइपमधून पाणी पडतंय का ते बघा. अॅप ‘चालू’ म्हणतंय आणि टाकीत थेंब नाही, असंही मी पाहिलंय. तेव्हा लॉगिन, अपडेट, डबा सगळं ठीक होतं. खाली कोणीतरी वॉल्व्ह बंद केला होता.